चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला : स्वस्त लॅपटॉपचा रायगडी इतिहास

१/
२००७ सालच्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावच्या शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे काही लॅपटॉप येऊन दाखल झाले. शाळा एकशिक्षकी, पहिली ते चौथीची मुले एकाच छपराखाली, पट वीस-बावीसच्या घरात. जगभर 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून गाजलेल्या यंत्राचा भारतातील पहिला प्रयोग तो हाच. मुंबई, पुणे, बंगळूर ही शहरे सोडून हा मान रायगडातील एका खेड्याला मिळाला, ही गोष्ट आज खुद्द रायगडातही फारशी कुणाच्या स्मरणात नाही.

२/
दरवर्षी जून उजाडला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत अनेक घरांत एकच प्रश्न निघतो : "घरच्या वापराला स्वस्तात चांगला लॅपटॉप कोणता?" वाडीच्या सुपारीचे किंवा मासळीच्या हंगामाचे पैसे त्यात जाणार असतात, चूक परवडणारी नसते. हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. गेली पंचवीस वर्षे शास्त्रज्ञ, सरकारे आणि कंपन्या त्याचे उत्तर शोधत आहेत, आणि त्यांच्या चुकांची वही आपल्यासमोर उघडी आहे. खरेदीला जाण्यापूर्वी ती चाळू या.

३/
आरंभ थोडा मागून करू. मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की पाण्यापलीकडे मुंबई दिसते. त्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या यंत्राला स्वतंत्र दालन लागे. त्याची मुख्य स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती, आणि एकेक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर ती सुमारे दहा किलोबाइट भरते. आज आपण फोनवरून पाठवतो त्या एका साध्या छायाचित्रालाही ती पुरणार नाही. संगणक त्या काळी राष्ट्राच्या मालकीचा असे. घराच्या मालकीचा असू शकेल, ही कल्पनाच नव्हती.

४/
पुढची दोन दशके परवाने आणि आयातशुल्क यांची. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि सुटे भाग आणणे सुलभ होऊ लागले. खरी कलाटणी १९९७ मध्ये मिळाली. त्या वर्षी भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणक व त्याच्या भागांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे बंधन त्याने स्वीकारले. दुकानातील लॅपटॉपच्या किमतीमागे असे करारही उभे असतात. किंमत कारखान्यात ठरते तशी ती दिल्ली-जिनिव्हातही ठरते.

५/
मराठी मध्यमवर्गाच्या घरात संगणक शिरला तो मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून. कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून, मॉनिटर तिसऱ्याकडून, अशा 'असेंबल्ड' यंत्रांचा तो काळ. पाटी कोणत्याच कंपनीची नसे, पण एक मोठा गुण होता : रॅम गेली तर रॅम बदला, पंखा अडला तर पंखा बदला. सबंध यंत्र टाकून द्यावे लागत नसे. परवडणाऱ्या संगणकाचा हा पहिला यशस्वी भारतीय नमुना होता. कोणत्याही मंत्र्याने त्याचे उद्घाटन केले नाही, म्हणून इतिहासात त्याची नोंद पुसट आहे.

६/
मग एक धाडसी प्रयोग झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी एन्कोर सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांना सोबत घेऊन 'सिम्प्युटर' घडवला. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला. हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलणारा, आणि एकच यंत्र गावात अनेकांना वापरता यावे म्हणून प्रत्येकासाठी स्मार्ट कार्डची सोय असलेला. कल्पना काळाच्या पुढे होती. पण मोठी मागणी आली नाही, मागणी नाही म्हणून उत्पादन वाढले नाही, आणि उत्पादन वाढले नाही म्हणून किंमत उतरली नाही. २००४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा साधी आवृत्तीही दहा हजार रुपयांच्या आसपास होती. स्वस्ताईची पहिली अट यातून कळते : संख्या. लाखोंनी बनणारी वस्तूच स्वस्त होते.

७/
ही अट अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टे यांनी नेमकी हेरली. एमआयटीच्या मीडिया लॅबचे ते संस्थापक. त्यांची भारताशी ओळख जुनी होती. २००१ मध्ये भारत सरकार आणि एमआयटी यांच्या भागीदारीत 'मीडिया लॅब एशिया' ही संस्था मुंबईत सुरू झाली होती, परंतु २००३ मध्ये ती भागीदारी सरकारने संपवली. पुढे जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे निग्रोपॉन्टे यांनी घोषणा केली : प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, किंमत शंभर डॉलर. विक्री दुकानांतून होणार नव्हती. सरकारांनी एकेका वेळी दहा लाख यंत्रे घ्यावीत, अशी मूळ योजना होती.

८/
नोव्हेंबर २००५. ट्युनिसमधील जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत पोपटी रंगाचा नमुना दाखवण्यात आला. वीज नसलेल्या गावांसाठी त्याला हाताने फिरवायची मूठ जोडलेली होती. प्रात्यक्षिकात ती मूठ निखळून हातात आली. प्रसंग विनोदी खरा, पण त्यात पुढच्या साऱ्या कथेचे बीज आहे. यंत्र तयार होते. विजेचा प्रश्न मात्र हातातच राहिला. प्रत्यक्ष उत्पादनात आलेल्या लॅपटॉपवरून ती मूठ काढून टाकण्यात आली.

९/
आता यंत्र पाहू, कारण त्याची रचना आजही शिकण्याजोगी आहे. नाव 'एक्सओ-१'. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, साठवण १ जीबी. फिरती हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. हलणारा भाग जवळजवळ नाहीच. जे हलत नाही ते सहसा मोडत नाही आणि वीजही कमी खाते. मेरी लू जेप्सन यांनी रचलेला साडेसात इंचांचा पडदा भर उन्हातही वाचता येई. मागचा दिवा बंद केला की तो कागदासारखा कृष्णधवल होई. साध्या कामाला हे यंत्र अवघे काही वॉट वीज घेई. घरातील जुना पिवळा बल्ब ६० वॉट खात असे, हे लक्षात घेतले म्हणजे या बचतीचे मोल कळते.

१०/
कळपाट रबरी आणि अखंड, त्यामुळे धूळ-पाणी आत शिरायला वाट नाही. देवनागरीसाठी स्वतंत्र कळपाटही तयार झाला. बाजूचे दोन कान उघडले की वायफायच्या अँटेना उभ्या राहत आणि आसपासचे लॅपटॉप इंटरनेटवाचूनही एकमेकांशी जोडले जात. झाकणावरच्या 'एक्स' आणि 'ओ' या खुणांच्या रंगांची चारशे वेगवेगळी जुळणी होती, म्हणजे मुलाला आपले यंत्र चटकन ओळखता यावे. कोकणातल्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात राहणाऱ्याला यातील शहाणपण समजावून सांगावे लागत नाही. हा लॅपटॉप दिवाणखान्यापेक्षा पडवीत बसायला निघाला होता.

११/
शंभर डॉलर मात्र साधले नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले तेव्हा एका यंत्राचा खर्च सुमारे १८८ डॉलर होता. त्या वेळच्या दराने साधारण साडेसात हजार रुपये. सरकारांकडून अपेक्षित मागणी आली नाही आणि संख्येचे गणित पुन्हा आडवे आले. म्हणून अमेरिकेत ३९९ डॉलर घेऊन एक यंत्र ग्राहकाला आणि एक गरीब देशातील मुलाला, अशी योजना काढावी लागली. तरीही लक्षात ठेवा : त्या काळी साधा लॅपटॉप याच्या कितीतरी पट महाग होता. जाहीर केलेला आकडा हुकला म्हणून हाती आलेले काम लहान ठरत नाही.

१२/
भारत सरकारने या योजनेला २००६ मध्येच नकार कळवला होता. शिक्षण खात्याचा आक्षेप सरळ होता : वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे, आणि या यंत्राने मुले अधिक शिकतील याचा पुरावा नाही. तेव्हा अनेकांना हा आक्षेप प्रतिगामी वाटला. आज मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंना थोडा थोडा न्याय द्यावा लागतो. खात्याची शंका रास्त होती, पण ती फेडण्यासाठी कुणीतरी प्रत्यक्ष शाळेत जाऊन पाहणे आवश्यक होते. सरकारी नकारानंतर वर्षभराने खैराटमध्ये नेमके तेच झाले.

१३/
खैराटच्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळीत. एका इयत्तेला गणित शिकवताना उरलेल्या तिघींना काही ना काही काम देऊन ठेवणे, ही एकशिक्षकी शाळेची रोजची कसरत. लॅपटॉप या जागी उपयोगी पडणारा होता : मुले चित्रे काढीत, छायाचित्रे टिपत, लिहीत, एकमेकांना दाखवीत. तेथे गेलेल्या वार्ताहरांनी मुलांच्या उत्साहाचे वर्णन केले आहे. पण या प्रयोगाचा कणा तो शिक्षकच होता. त्याने यंत्र आपलेसे केले म्हणून मुलांनी केले. एकाच शाळेवरून साऱ्या देशाचा निष्कर्ष काढता येत नाही. इतके मात्र दिसले की यंत्रासोबत शिकवणारा माणूस हवा, आणि त्या माणसाचा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर छापलेला नसतो.

१४/
दुसरा न छापलेला खर्च विजेचा. निग्रोपॉन्टे कंबोडियातील एका खेड्याची आठवण सांगत : तेथे रात्री लॅपटॉपचा पडदा हाच घरातील सर्वांत प्रखर दिवा असे. भारतात काम करणाऱ्या त्यांच्या चमूने २००७ मध्ये गुरांच्या शक्तीवर चालणारे जनित्र करून पाहिले. जनावर गोल फिरणार, पट्टे आणि चाके गती वाढवणार, जुन्या मोटारीचा डायनामो वीज देणार. जगाला ही बातमी गमतीची वाटली. अष्टागरातील माणसाला ती ओळखीची वाटली असती. नागाव-चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या बैल रहाट ओढत आले, आणि त्याच पाण्यावर नारळी-पोफळी वाढल्या. रहाटाच्या जागी डायनामो ठेवा, तत्त्व तेच.

१५/
विजेचा मुद्दा जुनापुराणा समजू नका. घारापुरी बेट, म्हणजेच एलिफंटा, हे रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यात येते. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही त्या बेटावरील राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या गावांना संध्याकाळच्या काही तासांपुरत्या जनरेटरवर भागवावे लागे. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे खैराटला लॅपटॉप आला त्यानंतर दहा वर्षांनी. एकाच जिल्ह्यात इतिहासाचे काटे असे वेगवेगळ्या वेळा दाखवतात.

१६/
मग या लॅपटॉपने मुलांचे शिक्षण सुधारले का? दक्षिण अमेरिकेत मोठी कसोटी झाली. पेरू देशातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना संगणक हाताळता येऊ लागला, सर्वसाधारण विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, पण गणित आणि भाषा यांच्या गुणांत फरक आढळला नाही. उरुग्वेने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. सोबत इंटरनेट आणि दुरुस्ती यांचीही व्यवस्था लावली. ती योजना टिकली. यंत्रे दोन्हीकडे सारखीच होती, भोवतालची व्यवस्था निराळी होती.

१७/
आता या कथेतील मोठे वळण. निग्रोपॉन्टे यांचा लॅपटॉप दुकानात कधी नीटसा आलाच नाही, पण त्याने उद्योगाला एक गोष्ट दाखवली : लहान, कमी शक्तीच्या, स्वस्त लॅपटॉपला गिऱ्हाईक आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असूसने 'ई पीसी' बाजारात आणला. सात इंचांचा पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी घन साठवण, लिनक्स प्रणाली. पाठोपाठ एसर आले, भारतात एचसीएल आले, इंटेलने 'अ‍ॅटम' प्रोसेसर काढला. 'नेटबुक' ही जात जन्माला आली. आज आपल्या घरातील पातळ, हलक्या, हार्ड डिस्क नसलेल्या लॅपटॉपच्या पूर्वजांत खैराटचे ते हिरवे यंत्र आहे.

१८/
नेटबुकांचे राज्य तीन-चार वर्षेच टिकले. स्वस्त ठेवण्याच्या भरात पडदा इतका लहान झाला की फॉर्म भरताना सतत वर-खाली सरकावे लागे. रॅम इतकी तोकडी की दोन कामे एकत्र उघडली की यंत्र धापा टाकी. नवी विंडोज व्हिस्टा त्यांना पेलवेना, म्हणून मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये अशा यंत्रांसाठी जुन्या एक्सपीचे आयुष्य मुद्दाम वाढवले. २०१० मध्ये आयपॅड आला आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. ज्यांनी नेटबुक घेतले त्यांतील अनेकांना दोन वर्षांत दुसरे यंत्र घ्यावे लागले. दोनदा घेतलेली स्वस्त वस्तू ही महाग वस्तूच असते.

१९/
भारत सरकारनेही आकड्यांची शर्यत धावून पाहिली. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपती येथे दहा डॉलरच्या लॅपटॉपचा गाजावाजा झाला. समोर आले ते लॅपटॉप नसून माहिती साठवण्याचे उपकरण होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅब्लेट आला. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडला. त्याची रॅम २५६ एमबी, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या एक्सओइतकीच; स्पर्शाला मठ्ठ पडदा, दोन-तीन तासांची बॅटरी. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या सहभागाने सुधारलेला 'आकाश-२' आला, परंतु तोवर चिनी कारखान्यांतील टॅब्लेटांनी बाजार भरला होता. आकडा आधी ठरवून मग यंत्र बेतले, की बेतताना बहुधा माणूसच कापला जातो.

२०/
या साऱ्याची सर्वांत कठोर परीक्षा रायगडच्या किनाऱ्याने दिली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागात पोफळी-नारळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, मोबाइल मुके झाले; काही गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्याच जून महिन्यात, करोनामुळे, महाराष्ट्रातील शाळांचे वर्ष ऑनलाइन सुरू होत होते. ज्या घरात लॅपटॉप होता त्या घरात वीज नव्हती, जिथे वीज आली तिथे जोडणी नव्हती, आणि अनेक घरांत तिन्ही नव्हते. ट्युनिसमध्ये निखळलेली मूठ पंधरा वर्षांनी अशी आपल्या दारात येऊन पडली.

२१/
महासाथीनंतर घरगुती लॅपटॉप चैनीच्या यादीतून गरजेच्या यादीत आला. ३१ जुलै २०२३ रोजी 'जिओबुक' १६,४९९ रुपयांना जाहीर झाला : ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, वजन एक किलोहून किंचित कमी. एक्सओच्या सोळापट रॅम आणि चौसष्टपट साठवण. लगेच ३ ऑगस्टला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली. ओरड होताच अंमलबजावणी पुढे ढकलली आणि नंतर तिचे रूपांतर आयातीपूर्वी नोंदणी करून मंजुरी घेण्याच्या पद्धतीत झाले. चौथ्या क्रमांकावर सांगितलेले करार आणि परवाने पुन्हा आठवा. बाजारभावाचा इतिहास संपलेला नाही.

२२/
आता आपल्या घराकडे येऊ. 'चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला' ही म्हण लॅपटॉपला तंतोतंत लागू आहे. कोंबडीचा भाव दुकानदार सांगतो. मसाल्याचा हिशेब आपण करायचा. पहिला हिशेब कामाचा. शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा उतरवणे, मुलांचे तास, मराठी टंकलेखन, हिशेबाची वही, एखादा चित्रपट, एवढेच असेल तर महागडे ग्राफिक कार्ड ही नाकापेक्षा जड मोत्याची गत. त्याउलट रॅमवर कंजुषी नको : नेटबुक आणि आकाश दोन्ही तिथेच गुदमरले. आज घरकामाला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी ही समाधानाची पातळी. स्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' नावाची साठवण असते. ती मंद आणि मदरबोर्डला डकवलेली असते, पुढे बदलता येत नाही. विचारून घ्या.

२३/
दुसरा हिशेब आयुष्याचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तेव्हा कुणी सातव्या पिढीचा जुना लॅपटॉप 'अगदी नव्यासारखा' म्हणून दिला तर तो लिनक्ससाठी घ्यायचा की घ्यायचाच नाही, हे आधी ठरवा. क्रोमबुक घेणार असाल तर २०२१ पासून पुढच्या यंत्रांना गूगलने दहा वर्षे अद्ययावत ठेवण्याचे आश्वासन दिले आहे. ती दहा वर्षे यंत्राचे व्यासपीठ बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. कंपन्यांच्या वापरातून निघालेले मजबूत जुने लॅपटॉप अनेकदा त्याच किमतीच्या नव्या तकलादू यंत्रापेक्षा सरस ठरतात. बॅटरी, बिजागऱ्या आणि वॉरंटीचा कागद मात्र पाहून घ्यावा.

२४/
तिसरा हिशेब विजेचा आणि हवेचा. ४० वॉटचा लॅपटॉप रोज चार तास चालला तर महिन्याला सुमारे पाच युनिट खर्च होतात. १२० वॉटच्या डेस्कटॉपला त्याच्या तिप्पट. पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून बॅटरी किती तास टिकते हे घरासाठी प्रोसेसरच्या वेगाइतकेच महत्त्वाचे. भिंतीतील सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे आणि गडगडाट सुरू झाला की चार्जर काढावा. समुद्राकाठी खारी हवा धातूला खाते. लॅपटॉप खिडकीपासून दूर ठेवा, आणि आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा नियमित वापरा. चालू यंत्राची ऊब आतली ओल धरू देत नाही.

२५/
चौथा हिशेब दुरुस्तीचा, आणि तो लॅमिंग्टन रोडने शिकवलेला. बॅटरी, कळपाट, रॅम, एसएसडी यांपैकी काय काय बदलता येते? सेवा केंद्र किती दूर? आपल्या पिनकोडवर कंपनीचा माणूस घरी येतो का? श्रीवर्धन किंवा मुरूडहून पनवेलच्या दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. हजार रुपयांची सवलत तिथेच विरते. पाचवा हिशेब माणसाचा : घरात हे शिकवणार कोण? आईला मराठी टंकलेखन, आजोबांना बँकेचे पान, धाकटीला फाईल कुठे जपायची ते. त्या एका शिक्षकाने खैराटमध्ये जे केले, ते घरात थोरल्या मुलाला किंवा मुलीला करावे लागते.

२६/
एक्सओ प्रकल्पाने जगभर वीस लाखांहून अधिक यंत्रे वाटली. यशाच्या मोजपट्टीवर तो उणा पडला असेल, पण 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ त्याने नीट लिहून ठेवला. यंत्राची किंमत, विजेची सोय, दुरुस्तीची वाट, आपली लिपी आणि शिकवणारे माणूस : या पाचांची बेरीज ज्या लॅपटॉपची सर्वांत कमी, तो सर्वांत स्वस्त. पुढच्या जूनमध्ये दुकानात उभे राहाल तेव्हा किमतीची चिठ्ठी वाचून झाल्यावर उरलेले चार प्रश्न मोठ्याने विचारा. दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर उत्तर मिळाले असे समजा.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरातला पहिला संगणक कोणता होता आणि तो किती वर्षे टिकला, हे खाली जरूर लिहा. हा इतिहास अजून घराघरांतूनच गोळा व्हायचा आहे.